आप्पांच्या कोपऱ्यातला बाटला

आमच्या मायच्या खोलीत एक बाटला उभा असायचा. स्वयंपाकाच्या गॅसचा नव्हे, सोड्याच्या गॅसचा. काळपट, कमरेएवढ्या उंचीचा, आणि मानेपाशी आप्पांनी स्वतःच्या हाताने मारलेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. आप्पा म्हणजे माझे वडील. ते गेले आणि बाटला मागे राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्या बाटल्याने मायलाही जवळजवळ नेलंच होतं. आज मी हे सरळ सांगते आहे, पण तेव्हा आम्हाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की माय खंगत चालली आहे आणि काही केल्या ती खोली सोडायला तयार नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आप्पा सुरतेच्या उधन्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आले तेव्हा मी मायच्या कडेवर होते म्हणे. कित्येक वर्षं खटाक-खटाक ऐकून त्यांचे कान अर्धे गेले आणि कापसाच्या धुळीने छाती बिघडली. मग त्यांनी लूम सोडला आणि सोड्याची लारी, म्हणजे हातगाडी, घेतली. लिंबू, जिरा, कालाखट्टा. संध्याकाळी पाळी सुटली की लूमवाल्या पोरांची झुंबड उडायची. पाच मिनिटांत सगळ्यांच्या घशातली रुई धुऊन निघायची. आप्पा नळाखाली ग्लास धरायचे, फेस काठाला आला की नळ बंद, एक थेंब बाहेर नाही. त्याचा त्यांना फार गर्व होता. एरवी गर्व करण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, त्यामुळे आम्हीही तो चालवून घ्यायचो.

ते गेले तेही लारीवरच. उत्तरायण होऊन गेलं होतं, थंडीत गिऱ्हाईक तुरळक. एका माणसाला जिरा सोडा देताना ग्लास भरला, काठावरून सांडू लागला, आणि आप्पांनी नळ बंद केला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, ‘काका, ढोळाय छे.’ तोवर आप्पा लारीच्या दांड्याला धरून खाली बसले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझा धाकटा भाऊ रात्री लारी घरी घेऊन आला तेव्हा सोड्याने भिजलेला लारीचा पत्रा तसाच चिकट होता. मी तो पुसला. पुसताना मला रडू आलं नाही, रागच आला. कशाचा ते अजून सांगता येत नाही.

बाटला तोवर कधी घरात आला नव्हता. तो लारीवरच साखळीला बांधलेला असायचा, गल्लीतल्या लिंबाखाली. भावाने तो तिथेच ठेवला असता. पण दिवस झाल्यावर माय म्हणाली, "त्यास्ना शेवटला हात ह्याले लागेल शे. हाऊ घरमा ऱ्हाई." आता नवरा गेलेल्या बाईशी कोण वाद घालणार? भावाने बाटला आत आणला. आप्पा दुपारी भिंतीला टेकून ज्या कोपऱ्यात बसायचे, तिथेच मायने जागा दाखवली. वर आप्पांचा हार घातलेला फोटो, खाली पाटावर दिवा आणि शेजारी बाटला. तिने त्याला हळदकुंकूही लावलं. खंडेनवमीला आम्ही लारीची आणि बाटल्याची पूजा करायचोच, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी भाऊ बाटला उचलून लारीला जोडायचा आणि रात्री पुन्हा कोपऱ्यात आणून ठेवायचा.

गल्लीतल्या लोकांना मात्र मजा वाटायची. समोरची गुजराती काकी दारातून डोकावून म्हणायची, "घरमां बियरनो बार खोल्यो के शुं?" गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे असले विनोद इथे कधी शिळे होत नाहीत. एकदा पुण्याहून माझ्या चुलतभावाचा मुलगा आला. त्याच्या फ्लॅटवर खरोखरच असला बाटला होता, घरच्या घरी नळातून बिअर काढायला. आप्पांच्या फोटोसमोर हे सांगताना तो जरा चाचरला. मी विचारलं, "कुठे ठेवतोस?" म्हणाला, "बाल्कनीत. बायको आत येऊ देत नाही, तिला तो दिसायला आवडत नाही." आम्ही हसलो. पुण्याच्या त्या सुनेने दिसण्यापायी जे केलं, ते आमच्या घरात प्रेमापायी झालं नाही.

मायची खोली खड्ड्यात आहे. घर बांधलं तेव्हा ती रस्त्याच्या वर होती. मग महापालिकेने दरवेळी डांबरावर डांबर ओतलं, रस्ता चढत गेला आणि आमचं दार खाली राहिलं. आता दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. मागचं स्वयंपाकघर नंतर काढलेलं, ते तेवढं एक पायरी उंच. वर पत्र्याची खोली आहे, तिथे भाऊ, भावजय आणि त्यांची मुलं. मायचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून ती खाली एकटी, फरशीवर गोधडी टाकून. खाटेवर तिला झोप येत नाही. सोड्यातला तो वायू हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखा खाली उतरून साचतो, हे आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही तो वर्षानुवर्षं पिऊन ढेकर दिले होते, त्याला घाबरायचं असतं हे कोण सांगणार?

ऊन तापायला लागलं तशी भावाला बाटल्याची काळजी वाटू लागली. तापला तर फुटेल. यावर उपाय मायनेच काढला. तिने आप्पांचा लाल चौकडीचा गमछा ओला करून बाटल्याच्या डोक्यावरून गुंडाळला. सुकला की पुन्हा भिजवायची. आप्पा लारीवरून आले की असाच ओला गमछा डोक्याला बांधून बसत. दारातून पाहिलं की क्षणभर आप्पाच बसलेत असं वाटायचं. मी एकदा चिडून म्हणाले, "माय, त्याला निदान डोक्यावरून तरी नको बांधूस." ती हसली फक्त.

आणखी एक गोष्ट होती. गॅस भरून देणारे सहसा रिकामा बाटला ठेवून घेतात आणि भरलेला दुसरा देतात. आमचा बाटला जुना झाला होता, त्याचा वॉल, म्हणजे मानेवरची चावी, ढिला पडत चालला होता, आणि गॅसवाला दरवेळी म्हणायचा की बदलून घ्या. पण पिवळ्या पट्ट्याचा बाटला बदलून गेला असता तर मायने घर डोक्यावर घेतलं असतं. भाऊ तिथेच थांबून तोच भरून आणायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "ताई, टेन्शन नको ले. चालशे." सुरतेत जन्मलेल्या आमच्या पोरांच्या तोंडी हा एक शब्द असा बसलाय की घराला आग लागली तरी आधी चालशे म्हणतील आणि मग बादली शोधतील.

चैत्रात मायने मला पहिल्यांदा सांगितलं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, घरीच साड्यांना फॉल-पिको करते, दुपारी काम आटपून तिच्याकडे चक्कर असते. त्या दिवशी गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, चेहरा घामाने डबडबलेला आणि डोळ्यात वेगळीच चमक. म्हणाली, "दुपारले त्या येतस."

मी म्हणाले, "कोण?"

"तुना आप्पा. मी आडी पडनू की येतस, कोपरामा बठतस. मंग मना छातीवर हात ठेवतस. मोठा जड हात. दम घुटस, पन सोडतस नही."

माझं तोंड फटकळ, मी म्हणाले, "जिवंतपणी कधी चारचौघांत हात धरला नाही, आता बरे सवड काढून येतात." ती लाजली. सत्तरीला टेकलेली माझी माय, विधवा होऊन तीन महिने झालेली, नव्या नवरीसारखी लाजली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. माय दुपारी दार लावून घ्यायची, खिडकीला ओलं चादरपांघरूण. पंखा बंद. का, तर "वारावर दिवा इझस." आणि दिवा तरीही विझायचाच. तेल असायचं, वात असायची, वारा नसायचा, आणि दिवा हळूहळू लहान होऊन मिटायचा. आप्पांना दिवसाउजेडी दिवा जळलेला खपायचा नाही, बिल कोण भरणार म्हणून ओरडायचे. त्यामुळे मायला त्याचाही अर्थ लागला. माणूस गेला तरी सवय जात नाही, म्हणायची.

खरं सांगायचं तर मलाही तिथे बसवेनासं झालं होतं. भूतखेत मी मानत नाही, पण त्या खोलीत तिच्या शेजारी जमिनीवर बसलं की थोड्या वेळाने छाती धडधडायची. कुणीतरी बघतंय असं वाटायचं. डोकं जड व्हायचं, उगाचच रडू येईल असं व्हायचं, आणि पायऱ्या चढून गल्लीत आलं की सगळं निवळायचं. मला वाटायचं की हे आप्पांचं दुःख आहे. उभ्या उभ्या येऊन जायला लागले मी. मायला म्हणायचे, शिवणकाम पडलंय.

माय मात्र वाळत चालली. सकाळी डोकं दुखायचं, जेवण उतरेना, चार पावलं टाकली की धाप. मी तिला डॉक्टरकडे नेलं, त्याने बीपी मोजून पित्ताच्या गोळ्या दिल्या. भावाने शिरपूरकडच्या एका भगताला फोन लावला, तो म्हणाला पितर अडकलाय, पहिली घागर भरा म्हणजे सुटेल. मी भावाशी भांडले. मायला माझ्या घरी न्यायचं म्हणून तिच्याशीही भांडले. ती म्हणाली, "मी गई तं त्या येतीन आनि घर रिकामं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसंच चाललं होतं आमचं. रोज दुपारी ती त्या गोधडीवर आडवी होत होती आणि आम्ही शिरपूरला फोन लावत होतो.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. सासरच्या पोरी माहेरी येतात आणि गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. भावजय मुलांना घेऊन तिच्या माहेरी धुळ्याला गेली होती. मी माहेरी आले, म्हणजे दोन गल्ल्या ओलांडल्या. आप्पांची पहिली घागर. मायने पहाटेपासून पुरण शिजवलं, आंब्याचा रस काढला, सांजोऱ्या तळल्या. तिच्या हाताला इतकी शक्ती कुठून आली देव जाणे. मधेच थांबून धापा टाकायची, पुन्हा लाटणं धरायची. सोड्याचा ऐन हंगाम, म्हणून भाऊ सकाळीच बाटला गच्च भरून घेऊन आला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. मायने गमछा भिजवून बांधला.

दुपारी फोटोपुढे लाल मातीची घागर मांडली, तिच्या तोंडावर लहानसं मडकं, त्यावर आंबा आणि सांजोरी. आगारी टाकायची होती. म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं आणि गेलेल्या माणसाच्या नावाने घास ठेवायचा. तो जळून धूर वर गेला की त्याला पोचलं. मी गॅसवर गोवरी लालबुंद करून खापरात आणून दिली. बाहेर लू वाहत होती, मायने दार लावायला सांगितलं. भाऊ पाटावर बसला. त्याने तूप सोडलं.

निखारा भडकला नाही. थोडा धुरला आणि काळा पडत गेला. भावाने फुंकर घातली. फुंकर घातली की क्षणभर लाल, मग पुन्हा काळा. शेजारचा दिवा मिटला. मी पुन्हा लावला, तो पुन्हा मिटला. घास तसाच, कोरा. भाऊ घाबरून मायकडे बघू लागला. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि श्वास भरभर चालला होता, माझाही. आप्पांनी घास घेतला नाही, ते नाराज आहेत, एवढंच त्याच्या मनात आलं असणार. माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला बोलू.

मायला मात्र आनंद झाला होता. आप्पा आले म्हणून कोपऱ्याकडे बघत हात जोडून म्हणाली, "उनात त्या."

भाऊ कावळ्याचा घास घेऊन गच्चीवर पळाला, सुटल्यासारखा. मी ताटं वाढायला स्वयंपाकघराची पायरी चढले. वर आल्यावर मला एकदम मोकळा श्वास आला, आणि तेही मी आप्पांच्याच खात्यावर टाकलं. आतून मायला हाक मारली, "जेवायला ये." ती म्हणाली, "तू वाढ. मी जराखी आडी व्हस." आवाज मजेत होता. पहिला नैवेद्य आप्पांचा, मग ती जेवणार, म्हणून मी घाई केली नाही. रस वाटीत ओतला, पोळीवर तूप घातलं.

ताट घेऊन आले तर माय गोधडीवर कुशीला वळून झोपली होती, तोंड कोपऱ्याकडे. दिवा विझलेलाच. पहिल्या घागरीला दिवा विझलेला बरा दिसत नाही म्हणून मी ताट ठेवलं आणि उभ्यानेच काडी ओढली. छान पेटली. वाकून वातीकडे नेली, गुडघ्याच्या खाली गेली आणि काडी मेली. कुणीतरी चिमटीत धरून विझवावी तशी. दुसरी ओढली. वर जळते, खाली नेली की मरते. मग माझं टाळकं फिरलं. मी फोटोकडे बघून मोठ्याने म्हणाले, "आप्पा, पुरे झालं आता! आज तरी जळू द्या." आणि हट्टाने पाटापाशी गुडघ्यावर बसले, पूर्ण वाकले, काडी वातीला लावण्यासाठी श्वास घेतला.

नाकात झणका गेला. सोडा घाईघाईने प्यायला की नाकात जातो ना, डोळ्यात पाणी आणणारा, अगदी तो. लहानपणापासून शेकडो वेळा आलेला, आप्पा हसायचे तेव्हा, म्हणायचे हळू पी. समोर ग्लास नव्हता, लारी नव्हती, आणि माझ्या नाकात सोडा होता.

काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. ही खोली भरली आहे. घागर भरावी तशी, खालून वर. आणि माय तळाशी झोपली आहे.

मी तिला हलवलं, ती हलली नाही. तिच्या काखेत हात घालायला वाकले आणि दुसरा श्वास घ्यावाच लागला. छातीवर कुणीतरी हात ठेवला. जड, ओळखीचा. आणि कोपऱ्यात आप्पा बसलेले दिसले. भिंतीला टेकून, गुडघे वर घेऊन, डोक्याला गमछा. माझ्याकडे बघत नव्हते, मायकडे बघत होते. हे मला दिसलं. तो वायू होता, मेंदूला हवा मिळाली नाही की असं दिसतं, हे सगळं मला आता कळतं आणि मी ते नाकारत नाही. पण दिसलं.

मी गोधडीची दोन टोकं धरली आणि मायला गोधडीसकट दाराकडे ओढलं. भाऊ गेल्यावर तिने दार पुन्हा आतून लावलेलं. कडी काढली. पायऱ्यांवरून तिला कशी चढवली ते आठवत नाही, तिची पाठ मात्र पुढे महिनाभर सोलवटलेली होती. गल्लीत उन्हात तिला टाकलं आणि ओरडले. समोरची काकी पाणी घेऊन धावली, भाऊ गच्चीवरून जिन्यातून जवळजवळ पडत आला. माय निळसर दिसत होती. मी तिच्या गालावर मारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मायला मारलं, आणि जोरात मारलं. मग तिच्या घशातून घरघर आली, ती खोकली, आणि तिचे डोळे उघडले.

भाऊ श्वास रोखून आत गेला, बाटला उचलून बाहेर आला. गल्लीत त्याने गमछा सोडायला हात लावला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ओल्या गमछ्यातून बारीक बारीक बुडबुडे येत होते, दूध उकळायच्या आधी येतात तसे. वॉल बंद असूनही गॅस झिरपत होता. बाटला गमछ्याविना उघडा असता तर फुसफुस ऐकू आली असती. मायने तो रोज भिजवून, घट्ट गुंडाळून, आवाज बंद केला होता.

भाऊ रस्त्यातच मटकन बसला आणि पोरासारखा रडला. मायने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काबरं उठाडं माले?"

दोन दिवस दवाखान्यात ठेवलं तिला. ती बरी झाली. बाटला बदलून गेला. टेम्पोत चढवताना माय पिवळा पट्टा दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली. आता नवा बाटला बाहेर ओट्यावर आहे. भावाने लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला, आत बाटला उभा, साखळीने बांधलेला, वर हिरव्या जाळीची सावली, चहूबाजूंनी वारा. वॉलला साबणाचं पाणी लावून रोज बघतो. भगताचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. चालशे म्हणायचंही कमी झालंय, तरी पूर्ण गेलेलं नाही.

मायची तब्येत सुधारली. डोकं दुखत नाही, भाकरी जाते, धाप नाही. दिवा सकाळी लावला की संध्याकाळपर्यंत जळतो. येणारेजाणारे म्हणतात, आजी ठणठणीत झाल्या. आणि ती दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, डोळे उघडे. तिला आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली. तिला कळलंही होतं, ती काही बावळट नाही. मला वाटलं होतं वाचल्याचा आनंद तिला उशिरा का होईना होईल. तो होत नव्हता, आणि त्याचा मला राग यायचा. मी तिला ओढून काढलं होतं, माझे हात अजून दुखत होते.

एका दुपारी मी तिच्याशेजारी बसून साडीला फॉल लावत होते. दार बंद होतं, जुन्या सवयीने तिनेच लावलेलं. पंखा चालू. ती म्हणाली, "आते कोनी येत नही."

मी सुई चालवत राहिले.

मग म्हणाली, "त्या रोज तू वाकनी व्हती ना मनाजोडे. तू देखं का त्यास्ले?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, भावालाही नाही. मी सुई साडीत खोचून ठेवली आणि तिच्या बोलीत, जी मी माझ्या मुलांशी कधी बोलत नाही, म्हणाले, "देखं, माय. भितले टेकीसन बठेल व्हतात."

ती उठून बसली. तिचा चेहरा बघवत नव्हता इतका उजळला. "काय बोलनात?"

ते काही बोलले नव्हते. मला जे दिसलं ते मुकं होतं. पण तिला जगायला लावायचं तर आणखी काही माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी म्हणाले, "म्हनात, तुना मायले बाहेर काढ. बिगी बिगी काढ."

माय कोपऱ्याकडे बघू लागली. मला वाटलं, लागू पडलं. आप्पांनीच तिला पाठवलं म्हटल्यावर ती राहील.

मग तिने माझा हात धरला आणि अगदी साधेपणाने, लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, "मंग त्या सोता काबरं नही उनात बाहेर?"

मला रडू फुटलं, पत्रा पुसताना आलं नव्हतं ते सगळं आलं. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने तिने मला बाजूला केलं, भिंतीला धरून उठली, आणि गुडघ्यांवर हात ठेवत दारापर्यंत गेली. कडी काढली. ऊन आत आलं, गल्लीतला आवाज आला.

"दार उघडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "येतीन त्या, बाहेरथून."